गिटार दुरुस्त झाली तेव्हा बिल्डिंगचं अर्थिंग तुटलेलं कळलं

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

पत्र लांब होणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा अशी विनंती, कारण सुरुवात माझ्या नातीच्या इलेक्ट्रिक गिटारपासून होते आणि गाडी जाऊन थांबते आमच्या बिल्डिंगच्या मीटररूममधे, आणि पहिला भाग कापला तर दुसरा कुणाला समजणार नाही.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, राहायला डोंबिवलीत. आयुष्यभर एक्स्चेंजमधे सोल्डरिंग केलंय, म्हणजे वितळलेल्या धातूचा डाग देऊन वायरी जोडल्यात, फॉल्ट शोधलेत. नात अकरावीत आहे, तिने दोन वर्षांचे वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, तीन पिकअपवाली, म्हणजे तारांखाली आवाज पकडणाऱ्या तीन पट्ट्या, पुढे पांढरी प्लॅस्टिकची पाटी असलेली. सोबत एक छोटा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा. पहिले तीन-चार महिने छान वाजली. मग पावसाळा लागला आणि कुरबुरी सुरू झाल्या. मधेच आवाज जायचा, वायर हलवली की परत यायचा, टोनचा नॉब फिरवला की खरखर, मधला पिकअप तर पूर्ण मुका, आणि सगळ्यावर कडी म्हणजे एक सतत घूंsss असा आवाज जो तारांना हात लावला तरी कमी होत नव्हता. पोरगी रडकुंडीला आली. एका दुकानात घेऊन गेलो तर त्यांनी दोन मिनिटं वाजवून सांगितलं की आतलं पूर्ण वायरिंग गेलंय, नवीन सेट टाकावा लागेल, साडेचार हजार होतील. मी म्हटलं उघडून दाखवाल का नक्की काय गेलंय, तर म्हणाले ते दाखवत नाही आम्ही, ठेवून जा, आठवड्याने या. मी गिटार उचलली आणि घरी आणली. राग आला होता हे खरंच आहे. एक्स्चेंजमधे आम्ही कुठल्याही फॉल्टला "सगळं गेलंय" असं लिहून दिलं असतं तर साहेबांनी उभं केलं नसतं. फॉल्ट नेहमी एका जागी असतो, ती जागा शोधायची असते, तीच तर कारागिरी.

आता ज्यांच्या घरी अशी गिटार आहे आणि जे आई-वडील "करंटची वस्तू आहे, हात लावू नको" म्हणतात त्यांच्यासाठी आधी हे सांगतो की अँपची केबल काढून ठेवलेल्या अशा गिटारच्या आत धोका होण्याइतका करंट नसतोच. आत सेल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, काही नाही. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसापेक्षा बारीक तांब्याची तार, सात-आठ हजार वेढे असतात. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि त्या वेढ्यांमधे अगदी थोडं व्होल्टेज तयार होतं, व्होल्टाच्याही एखाद्या भागाइतकं. फॅरेडेने १८३१ साली जे दाखवलं तेच हे. सायकलचा डायनॅमो असाच चालतो, आणि जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधे पण चुंबक आणि वेढेच, फक्त तिथे करंट पडद्याला हलवतो आणि इथे तार करंट तयार करते. नातीला मी जुना रिसीव्हर उघडून शेजारी ठेवून दाखवला तेव्हा तिचे डोळे चमकले, मला तेवढ्यानेच निम्मी मजुरी मिळाली.

आणखी एक गोष्ट तिनेच मला सांगितली. ही जी पांढऱ्या पाटीची, तीन पिकअपची गिटार आहे तिचा मूळ नमुना लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली बाजारात आणला, आणि हा माणूस मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ रिपेअरिंगचं दुकान चालवायचा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण रिपेअरवाला असल्यामुळे त्याने सगळे पिकअप, नॉब, स्विच एकाच पाटीवर बसवले, मानेचा भागसुद्धा चार स्क्रूंवर बसवला, म्हणजे पाटी सोडवली की सगळं वायरिंग हातात येतं. ज्या वाद्याची रचनाच दुरुस्त करणाऱ्या माणसाने केली आहे त्याला "उघडून दाखवत नाही" हे उत्तर मिळावं याचं मला फार वाईट वाटलं.

तर काय केलं ते सांगतो, जरा तपशिलात सांगतो कारण यातलं बरंचसं कुणालाही जमेल.

पहिलं काम, वायर बदलून बघितली. निम्म्या तक्रारी त्या लांब केबलच्याच असतात, ती पायाखाली येते, खुर्चीखाली येते, आणि टोकाच्या पिनेत तुटते. शेजारच्या मुलाकडून केबल आणली, तरीही तोच प्रकार, म्हणजे केबल निर्दोष. ती पिन बघून मात्र मला एकदम ट्रंक बोर्डची आठवण झाली. पाव इंची पिन, ६.३५ मिलिमीटर, आमच्या बोर्डावर ऑपरेटर मुली कॉर्डच्या टोकाला ज्या पिना घेऊन कॉल जोडायच्या त्याच घराण्यातली ही. टिप (पिनेचं टोक) आणि स्लीव्ह (मागची दांडी) ही नावंही टेलिफोनवाल्यांचीच, तिथूनच वाद्यांकडे गेली.

मग गिटार न उघडताच मीटर लावला, आणि ही युक्ती प्रत्येकाने करण्यासारखी आहे. केबलचं एक टोक गिटारमधे, दुसऱ्या टोकाच्या पिनेला साधा तीनशे रुपयांचा मल्टीमीटर, वीस किलो ओहमवर (ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप), व्हॉल्यूम पूर्ण. अँप कुठेही जोडलेला नाही. आता गिटारवरचा पिकअप निवडायचा पाच खाचांचा स्विच एकेक खाच पुढे न्यायचा आणि आकडा लिहायचा. अशा एकेरी पिकअपला साधारण सहा किलो ओहम येतात. ब्रिजकडच्या, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिकडच्या, पिकअपला ६.१ आले, मानेकडच्याला ५.८. मधल्या खाचेवर मीटरने नुसता डावीकडे "१" दाखवला, म्हणजे रेंजच्या बाहेर. रेंज वाढवली तर २५० किलोच्या जवळ आकडा. तिथेच मला कळलं, कारण या गिटारींमधे व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबच्या मागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, २५० किलोचा असतो, म्हणजे मीटरला फक्त पॉट दिसतोय, पिकअपपर्यंत रस्ताच नाही. पुरावा म्हणून दोन नंबरची खाच बघितली, तिथे दोन पिकअप समांतर जोडलेले असतात म्हणून तीनच्या आसपास यायला हवं, तर तिथे पण ६.१. मधला गैरहजर. पाटीचा एक स्क्रूही न सोडवता फॉल्ट निम्मा सापडला होता. आणि आकडे येत असताना नातीला जॅकजवळ, म्हणजे पिन गिटारमधे बसते तिथे, केबल हळूच हलवायला सांगितली तर आकडे उड्या मारायला लागले, म्हणजे जॅक पण ढिला.

मग उघडली. तारा सैल केल्या, पाटीचे अकरा स्क्रू काढून डब्याच्या झाकणात ठेवले, आणि कशालाही हात लावायच्या आधी मोबाईलवर पाच-सहा फोटो काढून घेतले, कुठली वायर कुठे आहे ते. हे फोटो न काढता ज्यांनी वायर सोडवल्या त्यांची गिटार पिशवीत भरून दुकानात जाते, एवढं लक्षात ठेवा.

आतलं बघून मला वाईट वाटलं आणि हायसं पण वाटलं. कारखान्यात घाईघाईत केलेलं काम. मधल्या पिकअपची वायर स्विचच्या कानातून सुटून तशीच लोंबत होती. तिलाच मीटर लावला, ५.९ किलो! पिकअप जिवंत, नुसती वायर सुटलेली. जॅकचा नट ढिला, त्यामुळे पिन घालताना आख्खा जॅक गोल फिरायचा आणि त्याच्या मागच्या दोन वायरी पिळवटून एक आतून तुटत आलेली, वरून कव्हर शाबूत म्हणून दिसत नव्हती. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा फॉल्ट, व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर. तिथे सगळ्या ग्राउंडच्या, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या, वायरी एकत्र येतात, त्यात एक वायर मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडून येते, ती स्प्रिंगांमधून ब्रिजला आणि ब्रिजमधून तारांना ग्राउंड देते. या वायरचा डाग राखाडी, दाणेदार, चिमट्याने जरा उचलला तर पापुद्र्यासारखा सुटून आला. ड्राय सोल्डर. आमच्या लाइनमधे निम्मं आयुष्य या एका शब्दामागे गेलं. वरून चिकटलेलं दिसतं, आत जोड नाही. तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी का होत नव्हता त्याचं कारण हेच, तारा ग्राउंडला नव्हत्याच. माणसाचं शरीर अँटेनासारखं घरभरच्या लायटिंगचा ५० हर्ट्झचा आवाज आणि त्याच्या पटी गोळा करतं, तारा ग्राउंडला असल्या की हात लावताच तो शांत होतो. हात लावल्यावर आवाज कमी झाला तर गिटार ठीक आहे, उलट हात लावल्यावर वाढला तर बहुतेक जॅकवर दोन वायरींची अदलाबदल झालेली असते.

दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो, बऱ्याच वर्षांनी गेलो, बरं वाटलं. एक चांगला जॅक, दोन मीटर वायर, साठ-चाळीसची सोल्डर वायर, फ्लक्सची (सोल्डर नीट पसरवणाऱ्या पेस्टची) डबी आणि काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे घेतला. स्प्रे सगळ्यात महाग पडला, तो धरूनही सगळे मिळून सहाशेच्या आत झाले, आणि स्प्रे वर्षभर पुरेल.

सोल्डरिंगबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात कारण यात नवीन माणसं हमखास चुकतात. स्विचच्या छोट्या कानाला २५ वॅटचं आयर्न पुरतं. पण पॉटची पाठ म्हणजे लोखंडी टोपी, ती उष्णता पिऊन टाकते, तिथे २५ वॅटचं आयर्न धरून बसलात तर सोल्डर पसरत नाही, मग माणूस अजून धरून ठेवतो आणि आतली कार्बनची पट्टी भाजून निघते. म्हणून तिथे उलट करायचं, मोठं आयर्न घ्यायचं आणि वेळ कमी, तीन-चार सेकंद. त्याआधी पाठ पॉलिश पेपरने जरा खरवडून घ्यायची, फ्लक्स लावायचा, पाठीवर आधी थोडं सोल्डर, वायरीच्या टोकाला थोडं सोल्डर, मग दोन्ही टेकवून एकदाच गरम. आणि उष्णता वस्तूला द्यायची, सोल्डर वस्तूवर वितळलं पाहिजे. आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन चोपडला की झालाच ड्राय सोल्डर. साठ-चाळीस म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं, १८३ ते १९० अंशांच्या मधे वितळतं, गार होईपर्यंत वायर अजिबात हलू द्यायची नाही. डाग चकचकीत आला पाहिजे. धूर फ्लक्सचा असतो, तो नाकात घेऊ नका, खिडकी उघडी ठेवा, आणि यात शिसं आहे म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नका. कामाच्या टेबलावर पोह्यांची बशी आलेली मी परत पाठवली.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका, पिकअपच्या आतली ती बारीक तार. ती तुटली तर घरी जोडणं फार अवघड, ते काम जाणत्याकडेच द्यावं. आणि अँप उघडू नका. विशेषतः व्हॉल्व्हवाला अँप असेल तर प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधे तीनशे-चारशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. गिटार उघडणं आणि अँप उघडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जुना जॅक काढून नवीन टाकला, खाली दातेरी वॉशर घातला म्हणजे परत फिरणार नाही. मधल्या पिकअपची वायर नातीने स्वतः जोडली, पहिल्यांदा हात थरथरत होता, दुसऱ्या वेळी डाग असा चकचकीत आला की मी तिला म्हटलं तू आमच्या सेक्शनला असतीस तर पहिल्याच महिन्यात कन्फर्म झाली असतीस. पॉटमधे क्लीनरचा छोटा फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा दोन्हीकडे फिरवला, खरखर गेली. कृपया तिथे खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका, दोन दिवस बरं वाटतं आणि मग धूळ धरून पॉट कायमचा जातो.

पाटी बसवायच्या आधी परत मीटर. पाचही खाचांवर बरोबर आकडे. तार ते पिनेची स्लीव्ह, मीटर बीप वाजला, म्हणजे तारा ग्राउंडला आल्या. तारा लावल्या, सूर लावला, अँप चालू केला. मधल्या पिकअपचा आवाज तिने कितीतरी दिवसांनी नीट ऐकला. रात्री साडेदहापर्यंत वाजवत होती, कुणी काही बोललं नाही.

आता इथून पुढचं ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आजोबा, तारांना हात लावला की मुंग्या येतात. मी म्हटलं नवीन तारा टोचत असतील. ती म्हणाली नाही, अनवाणी बसलं की येतात, गादीवर बसलं की येत नाहीत. माझ्या अंगावर काटा आला. टेस्टर आणून तारेला लावला, आतला निऑन लागला, मंद पण लागला. लगेच प्लग काढला.

पहिली शंका अर्थातच माझ्यावरच. माझ्या हातून काही उलटसुलट झालं का. सगळं परत मीटरवर तपासलं, बरोबर होतं. मग शेजारच्या मुलाकडचा बॅटरीवर चालणारा छोटा अँप आणून तीच गिटार लावली, मुंग्या नाहीत. म्हणजे गिटार ठीक, करंट येतोय तो अँपकडून. मग अँप एका मित्राच्या नव्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटवर नेला, तिथे लावला, तिथेही मुंग्या नाहीत. म्हणजे अँपही ठीक. राहिला आमच्या भिंतीतला बोर्ड!

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथे आहे. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते कारण प्लग घालताना सगळ्यात आधी तिचा जोड व्हावा आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटावा. अँपचा धातूचा सांगाडा या पिनेला जोडलेला, केबलची स्लीव्ह सांगाड्याला, स्लीव्हमधून गिटारचं ग्राउंड, आणि तिथून तारा. म्हणजे गिटारिस्टची बोटं भिंतीतल्या अर्थिंगला थेट जोडलेली असतात. अर्थिंग जागेवर असेल तर अँपमधे जी थोडीफार गळती असते ती गुपचूप जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर ती जायला रस्ता शोधते, आणि अनवाणी बसलेली माझी नात हा रस्ता होता. आधी मुंग्या का येत नव्हत्या? कारण तो ड्राय सोल्डर! तारा ग्राउंडला जोडलेल्याच नव्हत्या. मी गिटार नीट केली आणि बिल्डिंगचा फॉल्ट तारांपर्यंत येऊन पोचला. सेट बदलून घेतला असता तरी हेच झालं असतं, फक्त आम्हाला कळलं असतं का कुणास ठाऊक.

मुंग्या येण्याइतकी गळती माणसाला मारत नाही. पण अर्थिंग नसताना उद्या अँपच्या आतली फेजची वायर सुटून सांगाड्याला लागली तर पूर्ण २३० व्होल्ट तारांवर येतात आणि फ्यूजही जात नाही. हे काल्पनिक बोलत नाहीये. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वी नावाचा गिटारिस्ट स्टेजवर गिटार हातात असताना माइकला हात लावल्याबरोबर शॉक लागून गेला, अर्थिंगचा घोटाळा होता. १९७६ साली कीथ रेल्फ हा इंग्लंडमधला नावाजलेला गायक स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉकने गेला. दोघंही तरुण होते.

मी फोनच्या लाइनचा माणूस, घरच्या लायटिंगचं लायसन माझ्याकडे नाही, म्हणून स्वतः बोर्डात हात घातला नाही, लायसनवाला वायरमन बोलावला. त्याने मीटर लावला, फेज ते न्यूट्रल २३२. फेज ते अर्थलाही जवळपास तेवढंच यायला हवं, तर आकडा चाळीस-साठच्या मधे भरकटत होता. स्वयंपाकघरातला बोर्ड, तेच. बाथरूममधला गिझरचा पॉइंट, तेच. गिझर! त्याच पाण्याखाली आम्ही सगळे रोज आंघोळ करत होतो. खाली मीटररूममधे गेलो, तिथून जमिनीत जाणारी जी.आय.ची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी आहे, तिच्यावर चुन्याचे चार-पाच हात बसलेले, वायरमनने स्क्रू ड्रायव्हरने जरा ठोकलं तर जमिनीलगत गंजून पूर्ण तुटलेली. चुन्याने धरून ठेवली होती म्हणून उभी दिसत होती. आख्ख्या विंगला अर्थिंग नव्हतं, आणि किती वर्षं नव्हतं ते सांगायला कुणी नाही. अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या लादीखाली गेलेला. मूळ बिल्डिंग १९८४ सालची, तेव्हाचे सेक्रेटरी उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावायचे हे मला आठवतं, तेव्हा आम्हाला ते विक्षिप्त वाटायचे. जमीन ओली असली की अर्थिंग नीट काम करतं, मीठ-कोळसा त्यासाठीच घालतात. आज ते गृहस्थ हयात नाहीत, त्यांची क्षमा मागावीशी वाटते.

सोसायटीच्या मीटिंगमधे विषय काढला तेव्हा थोडी कुरकुर झाली, लिफ्टचं काम आधी का हे आधी, वर्गणी किती. मी अँप आणि गिटार खाली आणली, फरशीवर ठेवली, टेस्टर तारेला लावून दाखवला. निऑन लागलेला सगळ्यांनी बघितला. मग कुणी काही बोललं नाही. महिन्याभरात नवीन खड्डा, नवीन पट्टी, अर्थ टेस्टरने मोजणी, आणि बहुतेक घरांनी आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून सप्लाय तोडणारी स्विचची डबी, बसवून घेतली, ३० मिलिअँपवाली, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट यात तेवढा जरी फरक पडला तरी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सप्लाय बंद. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते मधूनमधून दाबून बघायचं, नाहीतर ती पण अडकून बसते.

आता माझं म्हणणं. संगीताच्या क्लासेसना, रिहर्सलच्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांना आणि गणेशोत्सव मंडळांना हात जोडून सांगणं आहे. गणपतीत आपल्याकडे गल्लोगल्ली स्टेज उभी राहतात, मुलं गिटार-कीबोर्ड घेऊन चढतात, पावसाचे दिवस, ओला मांडव, आणि करंट येतो कुठल्यातरी दुकानातून ओढलेल्या दोन वायरीच्या एक्स्टेंशनवरून. दोन वायरी म्हणजे अर्थिंग नाहीच. कितीतरी वेळा मी बघितलंय, घूं आवाज येतो म्हणून तिसरी पिन कापून टाकतात किंवा टूपिनचा अडॅप्टर लावतात. घूं आवाजाचं कारण दुसरीकडे असतं, पिन कापून तुम्ही त्या पोराच्या जिवाचा रस्ता कापता. गिटारचा अँप आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून, अर्थिंगसकट घ्या. गाणारा मुलगा माइकला तोंड लावायच्या आधी मीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि एक टोक माइकच्या जाळीला लावा, दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर कार्यक्रम थांबवा, वायरमनला बोलवा. एक मिनिटाचं काम आहे, मंडळाच्या कार्यकर्त्यांपैकी एकाने शिकून घेतलं तरी पुरे.

दुरुस्तीच्या दुकानांना सांगणं एवढंच की फॉल्ट गिऱ्हाईकासमोर दाखवा. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मधे राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं आहेत, वाद्यं नाहीत. पण आपल्याकडे वाद्य दुरुस्तीची केवढी मोठी परंपरा आहे, मिरजेचा सतारमेकर जवारी लावताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळवताना, वाजवणाऱ्याला शेजारी बसवतो, कानाला पटेपर्यंत घासतो. तीच रीत गिटारला का नसावी. दाखवून दुरुस्त केलं तर गिऱ्हाईक मजुरी आनंदाने देतं, मी तरी दिली असती.

आणि संपादक साहेब, आपल्याला विनंती. आपल्या पुरवणीत रेसिपी येतात, गुंतवणूक येते, राशिभविष्य येतं, आठवड्याला पाव पान घरगुती दुरुस्तीला द्या. मीटर कसा धरायचा, ड्राय सोल्डर कसा ओळखायचा, कुठल्या कामाला वायरमनच बोलवायचा. लिहिणारी माणसं मिळतील, आमच्यासारखे रिटायर झालेले टेलिफोनवाले, रेल्वेच्या सिग्नलचे, वर्कशॉपचे कितीतरी आहेत, हातात कसब आहे आणि विचारणारं कुणी नाही. पहिलं पान मी लिहून देतो, मानधन नको.

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी १० ते १२ मी आणि नात मीटर आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन बसतो. गेल्या रविवारी शेजारच्या विंगमधल्या एका मुलाची बेस गिटार आली होती, जॅकचा नट ढिला. तिने मला हात लावू दिला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, डोंबिवली पूर्व